दसरा परत आणा

राजवाड्यातून परत आलेला माल दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि तो का परत आला हे विचारायचं नाही, हा विणकरांच्या साळी आळीचा नियम राहीला लहानपणापासून ऐकवला गेला होता. का विचारायचं नाही, असं तिने एकदा विचारलं. तेही विचारायचं नसतं, असं उत्तर मिळालं.

यंदा राजवाड्यातून शेले परत आले. चाळीसच्या चाळीस!

सोनकुंडचे महाराज भुजंगराव दरवर्षी दसऱ्याच्या दरबारात चाळीस सरदारांच्या खांद्यांवर आपल्या हातांनी मानाचे शेले घालत. मग शेले मिरवत सगळे सरदार हत्तीमागून सीमोल्लंघनाला जात. यंदाही गेले. सगळ्या गावाने पाहिलं. पण दसरा सरला आणि बाजारात शेल्याचा भाव अकरा रुपयांवरून सातावर आला. तेव्हा महाराजांनी शेले धुऊन, कडक घड्या घालून परत पाठवले.

सोबत कारभाऱ्यांचा निरोप होता. "घडी न मोडलेला शेला पंधरा दिवसांत परत करता येतो, असा करार आहे. हे शेले घ्या, अकराच्या भावाने पैसे द्या. उद्या आम्ही हेच शेले साताच्या भावाने विकत घेऊ."

पैसे तर कधीच नव्या रेशमात गेले होते. परत करायचे म्हणजे माग विकायला हवा. राहीच्या वडिलांनी, सोमा साळ्याने, गिऱ्हाईक बघायला सुरुवातही केली होती.

"बाबा, हे शेले घातलेले आहेत!"

"माहीत आहे."

"मग सांगा ना त्यांना!"

"त्यांनाही माहीत आहे, पोरी."

आळीचे पंच म्हादबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "राही, आजवर राजवाड्यापुढे आपल्यातलं कुणी तोंड उघडलेलं नाही."

"म्हणून तर शेले परत आले, काका!"

तिने शेल्यांचा गठ्ठा बैलगाडीत टाकला आणि थेट दरबार गाठला. मागोमाग सोमा आणि म्हादबाही निघाले. माफी मागायला.

महाराजांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला. "घड्या मोडल्यात म्हणतेस? सिद्ध कर! पण एकही शेला उघडायचा नाही. उघडलास तर घडी तूच मोडलीस, माल तुझा. आणि सिद्ध झालं नाही, तर हे चाळीस परत घ्यायचे आणि वर चाळीस फुकट विणून द्यायचे!"

म्हादबांनी माफीसाठी हात जोडले.

राहीने गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. ती वळली ती थेट पहिल्या मानाचे सरदार शिदोजीराव यांच्याकडे.

"सरदार, ऐकून फार वाईट वाटलं."

"काय ऐकून?"

"यंदा महाराजांनी तुम्हाला मान दिला नाही म्हणे. शेले घडीतच राहिले. तुम्ही मोकळ्या खांद्याने सीमोल्लंघनाला गेलात. जाता जाता बाजारात सांगते मी. लोक उगाच समजून बसलेत की तुमचा मान झाला!"

शिदोजीराव ताडकन उठले. "कोण म्हणतं मोकळ्या खांद्याने? पहिला शेला माझा! महाराजांनी स्वतः घातलाय, भर दरबारात!"

"दुसरा माझा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दुसरा? दुसरा मला घातला! तुला नववा!"

"नववा असेल तुझ्या सासऱ्याला!"

कारभारी जागेवरून खुणा करत होते. कुणी बघेना. चाळीसही सरदार उभे राहून आपापला शेला सांगू लागले. एक म्हातारे सरदार तर गठ्ठ्यापाशी येऊन काळजीने विचारू लागले, "माझ्या शेल्यावर विड्याचा डाग पडला होता. निघाला का गं?"

"बसा!" महाराज गरजले. सगळे बसले. महाराजांनी राहीकडे रोखून पाहिलं. "बरं, घातले शेले. पण भाव उतरलाय हे खोटं आहे का?"

"खरं आहे, सरकार."

"मग साताचा शेला मी अकराला का ठेवून घेऊ?"

"सूत तेच, रेशीम तेच, विणकर तोच. मग आधी चार रुपये जास्त का होते? ते दसऱ्याचे होते, सरकार! शेला दसऱ्याआधी हातात पडावा म्हणून तुम्ही ते दिलेत, आणि तो पडला. आता नुसता शेला परत आणलात. दसरा कुठे आहे? सरदारांचे चाळीस मुजरे, हत्ती, मिरवणूक, सगळं आणा! गावाने पाहिलं ते न पाहिलेलं करा. दसरा परत आणा, मी उभ्या उभ्या अकराच्या भावाने पैसे मोजते!"

महाराजांनी राजज्योतिष्यांकडे पाहिलं. त्यांनी पंचांग चाळलं आणि जड मनाने मान हलवली. होऊन गेलेला दसरा परत आणायची सोय त्यात कुठेही नव्हती.

आणि महाराज हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग पोट धरून. महाराज हसले तसे सरदार हसले. कारभारी सगळ्यांत शेवटी हसले. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून राहीपुढे धरलं. "घे! हे शेले राहिले आमच्याकडेच. आणि पुढच्या दसऱ्याचे शेलेही तुमच्याच आळीचे, अकराच्या भावाने!"

म्हादबा लगबगीने पुढे झाले. "सरकार मायबाप! पोर अजून लहान आहे. शेले परत घ्या, हा सरकारांचा शब्द खाली पडायला नको. निम्मे शेले आम्ही परत घेतो."

"हो, हो, निम्मे घेतो," सोमाही हात जोडून म्हणाला.

राहीने कडं हातात चढवलं. सैल होतं, ते तिने कोपरापर्यंत सरकवलं.

"निम्मे नाही आणि एकही नाही, काका. घ्यायचे असतील तर तुम्ही घ्या, स्वतःच्या पैशाने. अकराच्या भावाने!"

म्हादबांनी सोमाकडे पाहिलं. सोमाने म्हादबांकडे पाहिलं. मग दोघांनीही गठ्ठा तिथेच ठेवला आणि गाडीची वाट धरली.