उत्तर कोणाचे

एकदा एका संशोधनसंस्थेत एक वृद्ध आचार्य होते. शिक्षणाने ते वैद्य, पण अर्धे आयुष्य त्यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आणि भूशास्त्रज्ञांबरोबर डोंगरदऱ्यांत काढले होते. "माणसाच्या हाडात जे सापडतं ते आधी कुठल्या तरी दगडात होतं," असे ते वर्गात सांगत, आणि नवे विद्यार्थी हसत.

त्यांच्याजवळ शर्वरी नावाची एक शिष्या रसायनशास्त्राचे संशोधन करायला आली. बुद्धीने तल्लख, हाताने नेमकी. फक्त तिला घाई फार होती.

त्या काळात पूर्वेकडच्या डोंगराळ भागातले सावळापूर नावाचे गाव एका विचित्र दुखण्याने गांजले होते. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटत. कोवळ्या वयात पाय धनुकलीसारखे वाकत. चाळिशीच्या माणसांच्या माना वळेनाशा होत आणि म्हातारी माणसे कमरेतून दुमडून जात. आसपासची गावे तिथे मुली द्यायला कचरू लागली होती. डॉक्टर येऊन हाडे तपासून गेले, त्यांनी गोळ्या दिल्या. पाणी तपासणारे आले. पाण्यात रोगजंतू नाहीत, पाणी स्वच्छ आहे, असे सांगून गेले. भूशास्त्रज्ञांनी खडकांचे नकाशे काढले. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते आणि गाव मात्र वाकतच होते.

आचार्यांनी या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवले. एकाच्या क्ष-किरण चित्रांशेजारी दुसऱ्याचे नकाशे ठेवले, आणि शर्वरीला पाण्यातल्या व माणसांच्या लघवीतल्या फ्लोराइडचे मोजमाप करायला सांगितले.

नमुने मिळणे सोपे नव्हते. पाणी कोणीही दिले असते. पण परक्या पोरीच्या हातात लघवीची बाटली द्यायची म्हणजे बायका लाजून घरात पळत. पंचफुलाबाई नावाची एक बाई तेवढी पुढे आली. ती स्वतः इतकी वाकली होती, की समोरच्याचे तोंड पाहायला तिला सगळे अंग वर उचलावे लागे. तिने आपली बाटली दिली आणि मग दारोदार फिरून इतर बायकांना म्हणाली, "अवं, शरम कायची? आपलंच दुखनं हाये." तिच्यामुळे गाव तयार झाले.

निघताना आचार्यांसमोरच तिने शर्वरीचा हात धरला. "पोरी, काऊन होते हे, ते कळलं की मले सांगजा. बाकी काही नको."

"हो मावशी, नक्की," शर्वरी म्हणाली, आणि गाडीत बसेपर्यंत विसरूनही गेली.

पुढे बराच काळ मोजणे, चुकणे, पुन्हा मोजणे यात गेला. अखेर कोडे सुटले. गावाच्या पोटात खोलवर एक प्राचीन खडक होता. जुन्या विहिरीचे पाणी त्या खडकापर्यंत पोचत नव्हते. पण बोअर खणल्या गेल्या, आणि खडकातले फ्लोराइड पाण्यात विरघळून, हातपंपातून घागरीत, घागरीतून हाडांत येऊन बसू लागले. दिसायला पाणी नितळ, चवीलाही गोड.

या शोधाचा गौरव राजधानीत व्हायचा ठरला. निष्कर्ष तिथेच जाहीर होणार होते आणि ते सांगण्याचा मान आचार्यांनी शर्वरीला दिला होता. तिचे वडील गावाकडच्या शाळेत शिक्षक होते. लेकीला व्यासपीठावर पाहायला ते मुद्दाम रजा काढून निघाले होते.

शेवटची पडताळणी हाती आली ती समारंभाच्या आदल्या दिवशी. कागद वाचून आचार्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "उद्या सकाळी मी सावळापूरला जातो आहे."

शर्वरीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "सर, उद्या समारंभ आहे! तिथून संध्याकाळपर्यंत परत येणं अशक्य आहे."

"ठाऊक आहे. पण परवा हे सगळ्या वर्तमानपत्रांत येईल. पंचफुलाबाईंना ते तिसऱ्याच कोणाकडून कळायला नको. आपण शब्द दिला आहे."

"मग सरपंचांना फोन करू ना."

"निरोप पाठवायची गोष्ट नव्हे ही. तू समारंभाला जा. तुझे वडील येत आहेत. मी एकटा जाईन."

आचार्यांचे गुडघे दुखरे, रस्ता खडबडीत. त्यांना एकटे सोडणे तिच्याने झाले नाही. तिने वडिलांना फोन केला, निवेदनाचे काम एका सहकाऱ्याकडे सोपवले आणि सकाळी फुगलेल्या तोंडाने जीपमध्ये बसली. वाटेत ती एवढेच म्हणाली, "सर, त्या बाईंची पाठ आता सरळ होणार नाही. हे कळून त्यांना उपयोग काय?"

"मलाही नक्की माहीत नाही," आचार्य म्हणाले. "पण विचारलं त्यांनी होतं."

पंचफुलाबाई अंगणात तूर पाखडत होती. पलीकडे पडवीत तिचा मुलगा विलास लोकांचे मोबाईल दुरुस्त करत बसला होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकलेले. बाईने बाज पुढे ओढली, पण आचार्य बाजेवर बसले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत ते सावकाश खाली जमिनीवर टेकले, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा तिच्या नजरेच्या पातळीत आला.

"ताई, तुम्ही विचारलं होतं ते कळलं," ते म्हणाले. मग साध्या शब्दांत त्यांनी खडकाची, बोअरची, पाण्याची आणि हाडांची हकीकत सांगितली. "जुनी विहीर उपसून तिचंच पाणी प्यायचं, असं ठरतं आहे. लहान लेकरं यातून वाचतील. पण तुमची पाठ आणि विलासचे पाय सरळ होतील, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल."

बाईच्या हातातले सूप थांबले. मग हलक्या आवाजात तिने विचारले, "पान्यातच होतं?"

"पाण्यातच."

"मंग... हा पोटात असताना ग्रहन लागलं होतं. म्या विसरली अन् विळीवर भोपळा चिरला. सासू म्हने, त्याच्यानंच पोराचे पाय वाकले. त्याच्यानं नाही?"

आचार्य शर्वरीकडे वळले. "मोजलं तू आहेस. तूच सांग."

व्यासपीठासाठी शर्वरीने कितीतरी वाक्ये पाठ केली होती. त्यांतले एकही कामाला येईना. ती बाईजवळ सरकली. "नाही मावशी. ग्रहणाचा आणि त्याच्या पायांचा काही संबंध नाही. ज्या घरांत कोणी भोपळा चिरला नाही, तिथल्या पोरांचेही पाय वाकलेच की. विलास जन्मला तेव्हा त्याचे पाय कसे होते?"

"सरळ होते. चालाले लागला तवाही सरळ होते."

"मग पुढे बोअरचं पाणी पिऊन वाकले. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाईने सूप बाजूला ठेवले आणि हाक मारली, "विलास! बाबू, इकडं ये."

तो काठी टेकत आला. तिने त्याच्या पोटऱ्यांवरून दोन्ही हात फिरवले. "पान्यानं झालं रे हे. माह्या हातानं नाही झालं."

विलास गोंधळला. "पन म्या कधी तसं म्हटलं का, माय?"

"तू नाही म्हटलं. मीच म्हनत होती ना, रोज."

एवढे बोलून ती रडू लागली. तिला कोणी थांबवले नाही. मुलगा वाकड्या पायांवर कसाबसा तिच्याजवळ बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिला.

काही वेळाने डोळे पुसून ती आचार्यांच्या पाया पडायला सरसावली. त्यांनी तिचे हात वरच्या वर धरले. "आभार आम्ही मानायचे, ताई. तुम्ही पहिली बाटली दिली नसती, तर आम्ही अजून चाचपडतच असतो."

परतीच्या वाटेवर गाव मागे पडले, तशी शर्वरी आचार्यांकडे वळली. म्हणाली, "सर, तुम्हाला हे ठाऊक होतं का?"

"ग्रहणाचं? नाही. पण इतक्या वर्षांत एक पाहिलं आहे. जिथं कारण सापडत नाही, तिथं माणूस कारण म्हणून स्वतःलाच उभं करतो. आई तर सगळ्यांत आधी. औषध कधी सापडतं, कधी नाही. पण खरं कारण सापडलं, की ती जागा रिकामी होते आणि माणसाला तिथून बाजूला होता येतं. म्हणून उत्तराला औषधापेक्षा कमी समजू नये. आणि ज्याने प्रश्न सोसला, उत्तर आधी त्याचं. जगाला नंतर कळलं तरी चालतं."

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. समारंभ छान झाला, तिचे नाव दोनदा घेतले गेले, टाळ्याही झाल्या, असे ते सांगत होते. पण आवाजातली निराशा लपत नव्हती. शर्वरीने त्यांना पंचफुलाबाईची सगळी गोष्ट सांगितली. मग वडील म्हणाले, "तुझ्या वेळी आजी तुझ्या आईला बरंच काही बोलली होती. तू अशक्त जन्मलीस म्हणून. घरी गेल्यावर मी तुझ्या आईशी बोलतो."

शर्वरीने फोन ठेवला. त्या बाईला द्यायला आपल्याजवळ काहीच नाही, असे सकाळी तिला वाटत होते. आता तिथून आपण आपल्या आईसाठीही काही घेऊन आलो आहोत, हे तिला कळत होते, आणि शेजारी डुलक्या घेणाऱ्या वृद्ध आचार्यांच्या अंगावर तिने आपली शाल हलकेच पांघरली.

ज्ञान मिळवताना ज्यांनी स्वतःचे दुखणे आपल्या हाती सोपवले, त्यांच्या दारात ते ज्ञान आधी पोचवावे. कृतज्ञतेची खरी रीत हीच.