भुशाचं रान

डोंगराला पाठ टेकून बसलेल्या एका गावात एक गुरुजी होते. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य ते पोरांकडून रोज दहा वेळा पाटीवर लिहून घेत. स्वतःवर तशी वेळ कधी आलीच नव्हती.

एकदा दवंडी पिटली गेली: ज्या गावानं रान राखलंय, त्या गावाला राजा मान देणार. पाटील म्हणाले, "गुरुजी, पोरांकडून आपल्या डोंगराचा देखावा करून घ्या. चावडीपुढं मांडू. राजाला तेवढी चढण नको."

पोरं हरखली. कुणी टोपल्या भरून माती आणली, कुणी ओढ्यातले गोटे. चिमुकली घरं कुंभाराच्या पोरीनं वळली. रान उगवावं म्हणून डोंगरावर अळिवाचं बी पेरलं. कुंभारवाड्यावरचा उतार मात्र त्या पोरीनं तसाच उघडा ठेवला.

"इथं बी का नाही टाकलंस गं?"

"इथली झाडं पाटलांच्या माडीला गेली ना, गुरुजी. खरं तेच दाखवायचं, तुम्हीच शिकवलंय."

गुरुजी खाकरले. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की त्यांचा घसा खवखवतो.

पोरं रोज झारीनं पाणी शिंपडायची. पाचव्या दिवशी अळीव तरारून वर आलं आणि उघड्या उताराला आडवी भेग पडली. सहाव्या दिवशी तिथली माती घसरली ती थेट खालच्या घरांवर. अळीव उगवलं होतं तिथली माती जागची हलली नाही.

पोरांनी मोठ्यांना ओढत आणून दाखवलं. पाटील हसले. "कुंभाराची पोर, आणि धड माती मळता येईना! गुरुजी, लिंपून घ्या आणि हिरवा भुसा चिकटवा. राजा उद्या येतोय."

सगळे हसले. पोरीचा बापही हसला.

गुरुजींना सगळं कळत होतं. तरी त्यांनी स्वतःच्या हातानं उतार लिंपला, भुसा चिकटवला. पोरगी झारी घेऊन आली, तर त्यांनी ती काढून घेतली. "आता पाणी नको."

राजा खूश झाला. गुरुजींना शाल मिळाली. पोरीनं त्या दिवसापासून पाटीवर ते वाक्य लिहिणं सोडलं. 'का' म्हणून विचारायची गुरुजींची छाती झाली नाही.

श्रावणात झड लागली, ती सात दिवस थांबेना. आठव्या सकाळी पोरगी चिंब भिजून शाळेच्या दारात उभी.

"गुरुजी, उताराला भेग पडलीय. आडवी. देखाव्यात पडली होती तश्शी! माझे बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, 'तुझी माती कच्ची होती, गुरुजींनी लिंपल्यावर टिकलीच की.' आता तुम्हीच सांगा."

खुंटीवर शाल लटकत होती. गुरुजींनी त्या शालीकडं एकदा पाहिलं आणि तसेच पावसात धावले.

"उठा!" कुंभारवाड्यात उभे राहून ते ओरडले. "पोरीची माती पक्की होती. भुसा लावल्यावर मी त्यावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. पडला असता तर पुन्हा घसरलं असतं. मला ठाऊक होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?" कुंभारानं विचारलं.

"भ्यालो," गुरुजी म्हणाले.

कुंभारवाडा उठला. लेकरं, म्हाताऱ्या, शेळ्या, गाढवं चावडीवर आली. दुपारी उतार खाली आला. घरं गेली, चाकं गेली. माणूस एकही गेलं नाही.

"देवाची कृपा!" पाटलांनी हात जोडले.

"कृपा या पोरीची आहे, पाटील," गुरुजी म्हणाले. "आणि डोंगर धरून ठेवणारी झाडं तुमच्या माडीत आहेत."

पाटलांचा घसा खवखवला.

पाऊस उघडल्यावर शाळा भरली. गुरुजींनी पाटी घेतली, ते वाक्य स्वतः दहा वेळा लिहिलं आणि तपासायला पोरीपुढं धरलं. तिनं ओळ न् ओळ वाचली.

"अक्षर बरं आहे," ती म्हणाली. "आता चला, डोंगरावर बी टोकायचंय."

तात्पर्य काय, तर पोरांना खरं बोलायला शिकवणं सोपं असतं. ती खरं बोलली की ऐकून घ्यायला मोठ्यांच्या अंगात धमक लागते.