बाटलीची जागा

सुतार जळणासाठी घरोघर लाकडाचा भुसा वाटायचे, त्या काळची गोष्ट. गोदाक्का कुस्तीच्या मैदानाशेजारी पैलवानांना जेवू घालायच्या. रोज त्या शेगडीत मधोमध काचेची बाटली उभी करायच्या, भोवती भुसा गच्च ठासायच्या आणि बाटली अलगद वर काढून घ्यायच्या. मग शेगडीच्या खालच्या तोंडातून काडी लावली, की मागे राहिलेल्या पोकळीतून जाळ उठायचा.

ऐन कुस्त्यांच्या दिवशी बाटली अडून बसली. "भुसा ठासायला मी हवी, आणि जाळाची मजा सुरू झाली की मी बाहेर! आज निघणारच नाही!"

गोदाक्कांनी ओढलं, हिसडलं. बाटली हलेना. शेवटी त्यांनी बाटली तशीच ठेवून खालच्या तोंडातून काडी लावली. धूरच धूर!

"भुसाच ओला!" तवा ओरडला.

"दोन दिवस उन्हात वाळलोय मी!" भुसा उसळला.

"मग शेगडीचं तोंड तुंबलं असेल!"

"सकाळीच साफ केलंय!" शेगडी ठसकत म्हणाली.

तेवढ्यात हलगी कडाडली. मैदान सुटलं! पैलवान जेवायला निघाले!

"अगं बाई, आता भाकऱ्या कशावर भाजू?" गोदाक्का रडकुंडीला आल्या.

ते ऐकून बाटलीला राहवेना. तिने अंग सैल सोडलं. गोदाक्कांनी ओढताच ती सर्रकन बाहेर आली आणि तिच्यामागोमाग भप्पकन जाळ उठला!

फळीवरून बाटली बघतच राहिली. शेगडीतला तो जाळ तिच्याएवढाच उंच होता, आणि तिच्याएवढाच गोल.