न सापडणारा रायाजीशेट

राजेरजवाड्यांच्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वैद्य राहत असे. त्याच्या हाताला गुण होता आणि खोटं बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. वैद्यबुवा म्हणाले म्हणजे ते खरंच, असं आसपासची गावंसुद्धा मानत.

त्याच गावात रायाजीशेट नावाचा एक बडा माणूस होता. वरच्या रानात राजाच्या मालकीची चंदनाची झाडं होती. रायाजीशेटची माणसं ती तोडत, ओंडके गवताखाली झाकून नदीपार नेत आणि आड येईल त्याला आडवं करत. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. त्याला पकडण्याचं राजाचं फर्मान तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा ‘इसम सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं. शेरा लिहिताना गावचा पाटील रायाजीशेटच्याच ओसरीवर पान चघळत बसलेला असे.

रायाजीशेट काही लपत नसे. सकाळी देवळात जाई, बाजारातून पायी हिंडे, दिसेल त्याच्या लेकराबाळांची चौकशी करी. कुणाच्या मुलीचं लग्न अडलं की मांडव घालून देई. शाळेवर कौलं त्याने घातली, देवळाला कळस त्याने चढवला, नावाड्याला नाव त्याने दिली.

एका दुपारी गुराख्यांनी रानाच्या रखवालदाराला, सिदूला, उचलून वैद्यबुवांकडे आणलं. मानेवर कुऱ्हाडीचा घाव होता. गुराखी पाणी आणायला गेले तेवढ्यात सिदूने बुवांचा हात घट्ट धरला.

“रायाजीशेटनं मारलं, बुवा. स्वतःच्या हातानं,” एवढंच तो बोलला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी रायाजीशेट बुवांच्या दारी आला. धमकी नाही, चढा आवाज नाही.

“बुवा, तुम्ही रोग्यांना पडवीत जमिनीवर निजवता, आम्हाला बघवत नाही. आठ खाटांचा दवाखाना बांधून देतो. औषधंही दर महिन्याला येत जातील.”

सिदूचं नाव दोघांनीही काढलं नाही. बुवांनी होकाराची मान हलवली.

दवाखाना उभा राहिला. खाटा भरल्या. लांबलांबची गोरगरीब माणसं येऊ लागली, बरी होऊन जाऊ लागली. बुवांना वाटायचं, झालं ते वाईटच झालं, पण त्यातून एवढं तरी चांगलं निघालं.

वर्षभराने राजधानीतून नवा फौजदार आला. तो कुणाच्याच ओसरीवर बसला नाही. सिदूची बायको रंगू त्याला जाऊन भेटली.

“माझ्या नवऱ्याला रायाजीशेटनं मारलं, साहेब.”

“तू पाहिलंस, बाई?”

“मी नाही. पण त्यानं वैद्यबुवांसमोर जीव सोडला. त्यांना विचारा. ते खोटं बोलायचे नाहीत.”

फौजदार रंगूला घेऊन दवाखान्यात आला. “वैद्यबुवा, मरताना सिदू काही बोलला?”

बुवांनी खाटांकडे पाहिलं. एकीवर बाळंतीण होती, दुसरीवर तापाने फणफणलेलं पोर. एक नाव उच्चारलं की या आठही खाटा उठणार. आणि सिदू काही परत येणार नाही.

“तो शुद्धीवर नव्हता,” बुवा म्हणाले. “काही बोलला नाही.”

“आणि रायाजीशेट चंदन तोडतो म्हणतात, ते?”

“मला ठाऊक नाही.”

फौजदाराने ते लिहून घेतलं, बुवांनी खाली सही केली. रंगू रडली नाही. “मग मी आता कुणाकडं जाऊ?” एवढंच तिने विचारलं. त्याच आठवड्यात ती पोरांना घेऊन गाव सोडून गेली. फौजदारही हात हलवत परत गेला.

त्यानंतर रायाजीशेटला कसलीच भीती उरली नाही. ओंडक्यांवर गवत टाकणंही बंद झालं. गाड्या भर बाजारातून जाऊ लागल्या. गाड्या कमी पडू लागल्या तेव्हा त्याची माणसं बुवांच्या जावयाकडे गेली. विसाजी त्याचं नाव. त्याच्याकडे चार गाड्या होत्या.

“चोरीचा माल माझे बैल ओढणार नाहीत,” विसाजी म्हणाला.

त्याला नदीच्या उतारावर वीस माणसांदेखत काठ्यांनी झोडपलं. सासऱ्याच्याच दवाखान्यात आणलं. बुवांनी सगळे उपाय केले. तिसऱ्या दिवशी तो गेला. लेक बापाकडे बघत म्हणाली, “बाबा, आता तरी बोलाल ना?”

बुवा दोन दिवस चालून राजधानीला गेले आणि न्यायाधीशापुढे सगळं बोलले. अगदी सिदूच्या शेवटच्या शब्दांपासून. न्यायाधीश माणूस वाईट नव्हता. त्याने जुना कागद काढला.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच. तेव्हा मी खोटं बोललो.”

“मग आज खरं बोलताय, हे मी कशावरून धरू? वीस माणसांदेखत मारलं म्हणता. त्यातला एक तरी घेऊन या.”

बुवा गावात परतले आणि दारोदार फिरले. मास्तर म्हणाले, “शाळेचं काय होईल?” पुजारी आतून बाहेरच आला नाही. नावाडी म्हणाला, “मी त्या वेळी दुसरीकडं बघत होतो, बुवा.”

शेवटी ते दवाखान्यात आले. दम्याने खंगलेली एक म्हातारी खाटेवर बसून होती. त्या दिवशी नदीवर तीही होती.

“पाहिलं हो, सगळं पाहिलं,” ती धापा टाकत म्हणाली. “पण दवाखाना बंद पडला तर आम्ही कुठं जायचं? तुम्हीच सांगा.”

हेच शब्द वर्षभर बुवांनी स्वतःला ऐकवले होते.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. रायाजीशेटकडून त्या महिन्याची औषधं आली होती. बुवांच्या लेकीच्या घरी सुतक असूनही त्याने खंड पडू दिला नव्हता.

“कुठं उतरवू, बुवा?” गाडीवानाने विचारलं.

म्हातारीला पुन्हा ढास लागली. तिचे डोळे पांढरे होऊ लागले. बुवांनी धावत जाऊन तिला सावरून धरलं.

“आत ठेव,” ते म्हणाले.

तात्पर्य काय, तर ज्याला सगळं गाव ओळखतं असा गुन्हेगार जेव्हा सापडत नाही, तेव्हा त्याला गावातल्या भल्या माणसांनीच लपवलेलं असतं; आणि एकदा दिलेला आडोसा काढून घेणं पुढे त्यांच्याही हातात उरत नाही.