गुलाबी खड्यांचा चोर

हरणगावच्या राजेसाहेबांना गुलाबी स्फटिक जमवण्याचा भारी नाद. उन्हाने यांचा रंग उडतो, खडे डबीत ठेवावेत, असं रत्नशाळेचे वृद्ध नीळकंठशास्त्री परोपरीने सांगत.

"शास्त्रीबुवा, रत्न म्हणजे काय लोणचं आहे, झाकून ठेवायला?" राजेसाहेब हसत, आणि रोज दुपारी सज्जात खडे मांडून पाहुण्यांपुढे मिरवत.

वर्षभरात खडे पांढरे पडले. भर दरबारात राजेसाहेब शास्त्रीबुवांवर कडाडले, "कुणीतरी खरे खडे विकून काचा ठेवल्यात. चोर दाखवा, नाहीतर तुरुंगात चला."

आपलंच तर काही चुकलं नाही ना, असं शास्त्रीबुवांना क्षणभर वाटलं. तेवढ्यात त्यांची नजर राजेसाहेबांच्या नेहमीच्या गुलाबी पगडीवर गेली. ते चाचरत म्हणाले, "सरकारांनी जरा शिरपेच काढावा."

शिरपेच निघाला. त्याखालची पगडी गर्द गुलाबी होती, बाकीची पार फिकट.

"चोराने सरकारांच्या डोक्यावरही हात मारलाय. तो रोज पूर्वेला उगवतो. शिपाई पाठवावेत."

दरबार खाली मान घालून हसला. राजेसाहेबांनी घाईने शिरपेच लावला आणि खड्यांसाठी मखमली डब्यांचा हुकूम सोडला.

शास्त्रीबुवांनी भीत भीत विचारलं, "आणि पगडीसाठी?"