तुळशीरामचा तिसरा नंबर

एका गावात तुळशीराम नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की शेळीचं नाव विसरला तर तो शेळीलाच विचारायचा.

गावच्या शाळेत शिपायाची एक जागा निघाली. अर्ज आले तीन. हणमंताचा, गेनूचा आणि तुळशीरामचा. कुलथे गुरुजी म्हणाले, "प्रत्येकाने एकेक आठवडा काम करून दाखवा. मग मी ठरवीन."

तुळशीरामची पाळी शेवटी आली. निघताना त्याची बायको शेवंता म्हणाली, "ही नोकरी मिळाली नाही तर मी माहेरी जाईन."

"बरं," तुळशीराम म्हणाला.

"शेळ्यापण नेईन."

तेव्हा मात्र तो घाबरला. "मग मी काय करू?"

"गुरुजी सांगतील तसंच करा. आपलं डोकं चालवू नका."

हे त्याला जमण्यासारखं होतं.

सोमवारी गुरुजी म्हणाले, "ही पहिली ते सातवीची पुस्तकं कपाटात लाव. लहानापासून मोठ्यापर्यंत."

तुळशीरामने प्रत्येक पुस्तक पट्टीने मोजलं. पहिलीचं चित्रांचं पुस्तक सगळ्यांत लांब होतं. ते शेवटी गेलं. सातवीचं व्याकरण आखूड होतं. ते पहिलं आलं.

"अरे, आकार कसला बघतोस?" गुरुजी म्हणाले. "वर आकडा असतो, तो बघायचा. लहान आकडा पुढे, मोठा मागे."

"आता कळलं," तुळशीराम म्हणाला.

मंगळवारी गुरुजींनी त्याला प्रार्थनेची रांग लावायला सांगितलं. लहान मुलं पुढे, मोठी मागे. तुळशीरामने मुलांच्या अंगावर आकडे शोधले. पहिलीतली ठकी थोरल्या भावाचा शर्ट घालून आली होती. पाठीवर नव्याण्णव. ती सगळ्यांच्या मागे गेली. सातवीतल्या मिसरूड फुटलेल्या बाजीच्या पाठीवर सात होता. तो सगळ्यांच्या पुढे आला. ज्यांच्या अंगावर आकडाच नव्हता, त्यांना तुळशीरामने घरी पाठवलं.

"अरे, पोरांवर आकडे कसले शोधतोस?" गुरुजी म्हणाले. "सरळ डोळ्यांनी बघायचं. मोठं दिसेल ते मोठं."

"आता कळलं."

बुधवारी पहिलीच्या मुलांनी आपापल्या पाटीवर एकेक संख्या लिहिली. पाट्या क्रमाने मांडायचं काम तुळशीरामकडे आलं. ठकीने पाटीभर नऊ काढला होता. शेजारच्या मुलाने कोपऱ्यात मुंगीएवढे बारा लिहिले होते. तुळशीरामने आधी बारा ठेवले, मग नऊ.

"तुळशीमामा, बारा मोठे," ठकी म्हणाली. "नऊ बोरांपेक्षा बारा बोरं जास्त."

"पण तुझा नऊ बघ की केवढा आहे. बाराच्या अंगावर पडला तर बारा चेपून जातील."

ठकीने आपली पाटी बाराच्या पाटीवर ठेवून पाहिली. गुरुजी मात्र म्हणाले, "अरे, अंक मोजायचे. एका अंकाच्या संख्येपेक्षा दोन अंकांची संख्या मोठी."

"आता कळलं."

गुरुवारी खिचडी करायची होती. गुरुजी म्हणाले, "आतलं मोठं पातेलं आण."

आत दोन पातेली होती. एक एवढं थोरलं, की त्यात ठकी बसली असती. त्यावर काहीच कोरलेलं नव्हतं. दुसरं होतं लहानसं, दूध तापवायचं. त्यावर देणाऱ्याचं नाव होतं आणि खाली साल. तुळशीरामने अंक मोजले. चार भरले.

त्या दिवशी साठ मुलांची खिचडी दुधाच्या पातेल्यात शिजली. प्रत्येकाच्या ताटात तीन-चार शितं आली. बाजीने दोनदा वाढून मागितलं तेव्हा त्याला मुगाची एक डाळ मिळाली.

शुक्रवारी गुरुजींनी तुळशीरामला पहिलीच्या वर्गात ठकीशेजारी बसवलं. फळ्यावर एक, दोन, तीन लिहिलं.

"यात सगळ्यांत मोठी संख्या कोणती, तुळशीराम?"

"तीन."

गुरुजींनी पुन्हा विचारलं. पुन्हा तीन. आठवड्यात पहिल्यांदाच त्याचं काही बरोबर आलं होतं. घरी जाताना वाटेत भेटेल त्याला तो ते सांगत गेला.

शनिवारी दुपारी शाळेच्या दारावर यादी लागली. एक, हणमंत. दोन, गेनू. तीन, तुळशीराम. तुळशीरामने ती नीट वाचली आणि तडक हणमंताच्या घरी गेला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुला एक मिळालाय."

हणमंताने यादी पाहिली नव्हती. "आणि गेनूला?"

"दोन."

"तुला?"

"तीन."

"म्हणजे तूसुद्धा माझ्या पुढे?" हणमंत खाली बसला. गावाला आता काय तोंड दाखवायचं, या विचाराने तो त्याच संध्याकाळी मेव्हण्याच्या गावी निघून गेला. तुळशीराम मग गेनूकडे गेला. "तुझं एकानेच हुकलं," तो म्हणाला. गेनू चिडून मुंबईला चुलत्याकडे गेला.

सोमवारी गुरुजी शाळेत आले तेव्हा अंगण झाडून झालं होतं. घंटेपाशी तुळशीराम उभा होता.

"तू इथे कसा? हणमंत कुठाय?"

"मेव्हण्याकडे गेला. त्याला एकच मिळाला ना, फार मनाला लागलं त्याच्या."

"आणि गेनू?"

"मुंबईला. पण तो बराच जवळ आला होता, गुरुजी."

गुरुजी वर्गात गेले. शुक्रवारचे एक, दोन, तीन फळ्यावर तसेच होते. त्यांनी ते बोट ठेवून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "दहा वाजले. घंटा दे."

तुळशीराम नोकरीला लागला. शेळ्या घरीच राहिल्या.