कुसळाआधीचं गवत

फार फार वर्षं झाली. किती ते विचारू नका, मोजायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं. एका डोंगराच्या माथ्यावर गवताचा मोठा माळ होता आणि पायथ्याशी धनगरांची वाडी. वाडीची रीत अशी, की गवताला टोकदार कुसळं यावीत, ती झडून बी मातीत पडावं, मगच मेंढरं वर न्यायची. तोवर खालच्या पडीक रानात भागवायचं.

धुळाप्पाला ही रीत काही पटेना. त्याचंही अगदीच खोटं नव्हतं, बरं का. झडून गवतात पडलेली कुसळंही लोकरीत रुततात आणि त्या लोकरीचं घोंगडं अंगाला टोचतं. "कोवळं सोडून वाळलेल्या काड्या कशाला चारायच्या?" असं म्हणून तो भर श्रावणात कळप घेऊन वर गेला.

त्या साली त्याच्या घोंगड्यासारखं मऊ घोंगडं पंचक्रोशीत नव्हतं. झालं, पुढच्या वर्षी अख्खी वाडी त्याच्यामागून चढली. त्याची म्हातारी आत्या तेवढी म्हणाली, "धुळा, गवताला बाळंत तरी होऊ दे रे."

तो हसला. "आत्ये, माळ हिरवागार आहे. डोळे पुसून बघ."

चौथ्या वर्षीही माळ हिरवागारच होता. पण मेंढरं वर जाऊन नुसती उभी राहायची. त्यांची पोटं खपाटीला गेली. धुळाप्पाची लाडकी काळी मेंढी तर चालता चालता खालीच बसली. तेव्हा कुठे त्याने वाकून पाहिलं. जिकडे तिकडे उग्र वासाचा तरोटा माजला होता. मेंढरं ज्याला तोंड लावत नाहीत, तेवढंच सुखाने वाढलं होतं. आवडीचं गवत बी धरायच्या आत दरसाल खाऊन संपलं होतं.

तो तडक आत्याकडे गेला. "आत्ये, चुकलो मी. आता काय करू?"

"तरोटा उपट आणि वाट बघ. दुसरं काय?"

माळ बंद झाला. निम्मा कळप दूरच्या पाहुण्यांकडे धाडावा लागला. काळी त्या वाटेतच गेली आणि धुळाप्पा चारचौघांत ढसाढसा रडला.

तीन पावसाळ्यांनंतर कातळाच्या कडेला, पाटाएवढ्या जागेत, जुनं गवत पुन्हा उगवलं. एका भुकेल्या मेंढीने मान लांबवली. धुळाप्पाने तिला दोन्ही हातांनी मागे ओढलं. उपाशी जनावराला गवतावरून ओढताना जिवाचं काय होतं, ते धनगरालाच ठाऊक.

"अजून नाही, बाये," तो म्हणाला. "अजून त्याचं बी पडलेलं नाही."

लहानथोरांनो, जे आपल्याला पोसतं, त्याचं बी पडेपर्यंत आपण आपली भूक आवरावी.